वयात येणं आणि जाणतं होणं: किशोरवयीन प्रेमकादंबऱ्यांची तुलना कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रबंधासाठी चार कादंबऱ्या घेतल्या आहेत. ज्युडी ब्लूमची 'फॉरेव्हर', स्टेफनी मायरची 'ट्वायलाइट' मालिका, रेनबो रॉवेलची 'एलिनॉर अँड पार्क' आणि जेनी हानची 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर'. विषय आहे मोठं होण्याची कथासूत्रं. पण कुठल्याही पुस्तकाविषयी लिहायला बसलं की फिरून फिरून एकच वाक्य येतं: 'प्रेमामुळे नायिका प्रगल्भ होते.' त्यात 'ट्वायलाइट' हलकी आहे, ती वगळा, असंही कुणीतरी सुचवलंय.

'ट्वायलाइट'चं शेवटी बघू. आधी ते वाक्य. ते चुकीचं नाही, पण त्याचा काही उपयोग नाही. चारही पुस्तकांना लागू पडणारं वाक्य तुलनेच्या कामाचं नसतं. किशोरांसाठीच्या कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचण्यात आणि विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि दोन्हीकडे हेच वाक्य मला वेगवेगळ्या कपड्यांत भेटत आलंय.

आपल्या भाषेत या बाबतीत एक सोय आहे, ती वापरा. आपण 'वयात येणं' म्हणतो आणि 'जाणतं होणं'ही म्हणतो, आणि या दोन गोष्टी एक नाहीत. वयात येणं आपोआप होतं. शरीर आणि दिनदर्शिका मिळून ते उरकतात, तिथे कुणी कुणाला विचारत नाही. जाणतं होणं मात्र करावं लागतं, आणि त्यासाठी बहुतेक वेळा काहीतरी मोजावं लागतं. पहिलं प्रेम, पहिला स्पर्श, पहिली मत्सराची कळ हे सगळं वयात येण्याच्या बाजूला पडतं. जाणतेपण दिसतं ते निर्णयात: कुणीही न सांगता, प्रसंगी प्रेमपात्राच्याही मनाविरुद्ध, स्वतः घेतलेल्या निर्णयात. कादंबरीत या दोन गोष्टींमध्ये किती अंतर आहे आणि ते अंतर कोण पार करतं, हे मोजायला लागलात की चारही पुस्तकं एकमेकींपासून सुटी होतील.

दुसरी गोष्ट शेवटांची. किशोरवयीन प्रेमकादंबरीच्या एका खोळीत दोन कथा असतात आणि दोघींना वेगवेगळा शेवट हवा असतो. प्रेमकथेला मीलन हवं असतं. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेच्या व्याख्येतही मध्यवर्ती प्रेमकथेबरोबर समाधान देणारा, आशादायी शेवट ही अट आहे. घडणीच्या कथेला मात्र बहुधा निरोप हवा असतो: घराचा, गावाचा, जुन्या स्वतःचा. मग कादंबरीत कुठेतरी या दोघींची झटापट होतेच. कोण कोणाला वाट देतं, ते बघा.

याचा सगळ्यात स्वच्छ नमुना तुमच्या यादीतच आहे. 'फॉरेव्हर' १९७५ची. दोन चांगल्या मुलांमध्ये शरीरसंबंध येतो आणि त्यापायी कुणालाही मरावं लागत नाही, अशी एखादी गोष्ट का नाही, असं ब्लूमच्या मुलीने विचारलं आणि त्यातून ही कादंबरी आली. हे लेखिकेने स्वतःच सांगितलेलं आहे. तोवरच्या कथांत मुलीला शिक्षा ठरलेली असायची: नको असलेलं गर्भारपण, बदनामी, नाहीतर अपघात. ब्लूमने शिक्षा काढून टाकली. इथवर बहुतेक समीक्षा येते आणि थांबते. पण शिक्षा काढल्यावर एक तांत्रिक अडचण उभी राहते. कथेला वळण देणारी बाहेरची घटनाच गेली, तर कथा संपणार कशाने?

ब्लूमचं उत्तर मला अजूनही धाडसी वाटतं. कथा संपते ती नायिका कॅथरीनचं मन बदलल्याने. उन्हाळी शिबिरात टेनिस शिकवायला गेल्यावर तिला थिओ नावाचा दुसरा मुलगा आवडू लागतो. तिच्या प्रियकरात, मायकेलमध्ये, काही खोट निघत नाही, तो कुठे चुकत नाही. 'कायमचं' म्हणून दिलेला शब्द फक्त खरा राहत नाही, आणि हे तिला त्याच्या तोंडावर सांगावं लागतं. पुस्तकावर इतकी वर्षं वाद झाला, शाळांच्या ग्रंथालयांतून ते काढायच्या मागण्या झाल्या, त्या सगळ्या शरीरसंबंधाच्या पानांवरून. माझ्या मते कॅथरीनचं जाणतं होणं त्या पानांत नाहीच. ती स्वतः दवाखान्यात जाऊन गर्भनिरोधकाची चौकशी करते, तिथे त्याची सुरुवात आहे, आणि 'मी बदलले' हे सांगण्यात त्याचा शेवट. अनुभव आला म्हणजे पात्र मोठं झालं, हे समीकरण प्रबंधात चुकूनही मांडू नका. तसंच त्याचं जुळं भावंड: प्रेमभंग झाला म्हणजे पात्र मोठं झालं. प्रेमभंगानंतर जशीच्या तशी राहिलेली पात्रं ढिगाने सापडतील.

शक्य असेल तर 'फॉरेव्हर'च्या मागे मॉरीन डेलीची 'सेव्हन्टीन्थ समर' (१९४२) उभी करा. सांगाडा जवळपास तोच आहे: शाळा संपून कॉलेज सुरू होण्याआधीचा एक उन्हाळा, एक मुलगी, एक मुलगा, आणि शेवटी ताटातूट. पण अँजी जॅकपासून दूर जाते ती शिकागोतलं कॉलेज सुरू होणार म्हणून. तिला आगगाडी घेऊन जाते. कॅथरीनला कुठलीच आगगाडी नेत नाही, ती आपल्या पायांनी बाहेर पडते. या दोन पुस्तकांमध्ये ३३ वर्षं आहेत, आणि ताटातुटीचं कारण वेळापत्रकातून उठून मुलीच्या मनात आलं आहे. एवढ्या एका निरीक्षणावर पाच पानं उभी राहतील.

आता 'एलिनॉर अँड पार्क' (२०१३). इथे माझी पहिली पट्टी अपुरी पडते, आणि म्हणूनच हे पुस्तक यादीत असायला हवं. १९८६ सालचं ओमाहा शहर, शाळेची बस, शेजारच्या सीटवर बसावं लागलेली दोन मुलं, मग कॉमिक्स आणि कॅसेट्सची देवघेव. वरवर पाहता गोड. पण एलिनॉरच्या घरी सावत्र बापाची दहशत आहे. चार भावंडांबरोबर एका खोलीत झोपायचं, न्हाणीघराला दार नाही, घरात फोन नाही. या मुलीला जाणतं व्हायचं नाहीये. ती नको तितकी जाणती आहे. घरात पाऊल टाकताच कुणाची मनःस्थिती काय आहे हे हवेवरून ओळखायला ती शिकली आहे. प्रेम तिला मोठं करत नाही. दिवसातून काही मिनिटं बसमध्ये तिला तिच्या वयाचं होऊ देतं. मोठं होण्याची दिशाच इथे उलटी आहे, आणि 'प्रेमामुळे प्रगल्भ' हे वाक्य इथे सरळ खोटं ठरतं.

पार्कचा प्रवास मात्र नेहमीच्या दिशेने चालतो, कारण त्याला तशी मुभा आहे. त्याचं घर शाबूत आहे, आईबाप एकमेकांवर प्रेम करतात. त्याची भांडणं डोळ्यांना लावलेल्या आयलायनरवरून आणि गिअरची गाडी चालवता न येण्यावरून होतात. दोघांचे दृष्टिकोन आळीपाळीने येत असल्यामुळे वाचकाला हा फरक पानोपानी दिसतो. बेफिकीर राहता येणं हीही एक मिळकत आहे आणि ती सगळ्या मुलांना सारखी मिळत नाही. वर्ग, पैसा, सुरक्षितता यांवर तुम्हाला वेगळं प्रकरण लिहायचं असेल, तर ते इथून निघतं. (पार्कची आई कोरियन आहे. तिच्या आणि पार्कच्या चित्रणावर कोरियन वंशाच्या वाचकांनी घेतलेले आक्षेप गंभीर आहेत. ते तळटीपेत ढकलू नका. स्वतःचा चेहरा स्वीकारणं हा पार्कच्या मोठं होण्याचाच भाग असल्यामुळे तो मुद्दा मजकुरातच यायला हवा.)

गाडीचा विषय निघालाच आहे तर माझी आवडती युक्ती सांगते. अमूर्त कथासूत्रांची तुलना करताना हात रिकामे राहतात, म्हणून एक ठोस वस्तू धरावी आणि ती सगळ्या पुस्तकांतून फिरवावी. अमेरिकी किशोरकादंबरीत ती वस्तू म्हणजे गाडी. पार्कला गिअर जमत नाहीत, वडील गाडी देत नाहीत. शेवटी एलिनॉरला तिच्या मामाकडे, दुसऱ्या राज्यात पोचवायची वेळ येते तेव्हा तेच वडील त्याच्या हातात ट्रकची किल्ली ठेवतात. बापलेकात याहून मोठा संवाद पुस्तकात नाही. तो मोठा झाल्याचं शिक्कामोर्तब त्या क्षणी होतं, आणि ते होतं कशासाठी? तिला स्वतःपासून दूर नेऊन सोडण्यासाठी. मीलन आणि निरोप यांची झटापट मी वर म्हटली, ती इथे एका ट्रकमध्ये मावली आहे.

जेनी हानची नायिका लारा जीन गाडी चालवायला घाबरते. मोठी बहीण आहे तोवर तिला ती चालवावी लागत नाही. 'ट्वायलाइट' मालिकेत नायिका बेलाकडे तिचा स्वतःचा जुना, संथ ट्रक असतो, आणि 'एक्लिप्स' या तिसऱ्या पुस्तकात तिने मित्र जेकबला भेटायला जाऊ नये म्हणून तिचा व्हॅम्पायर प्रियकर एडवर्ड त्या ट्रकच्या इंजिनाचा एक भाग काढून ठेवतो. नुसती ही तीन दृश्यं शेजारी ठेवा. एकीत बाप किल्ली देतो, एकीत मुलगी किल्लीला घाबरते, एकीत प्रियकर गाडीच बंद पाडतो. नियंत्रण, स्वातंत्र्य, संरक्षण हे जड शब्द वापरायची गरजच उरत नाही. दृश्यं बोलतात. वस्तू गाडीच हवी असं नाही. पत्र घ्या, फोन घ्या, घराचं दार घ्या. एलिनॉरच्या बाबतीत तर दार गाडीपेक्षाही जास्त सांगेल.

लारा जीनबद्दल बोलायचं तर या पुस्तकाला (२०१४) पुष्कळजण 'गोड' म्हणून सोडून देतात. कथानक ठाऊक आहेच: ज्यांच्यावर मन जडलं त्यांना लिहिलेली, कधीच न पाठवलेली पत्रं एक दिवस पोस्टात पडतात, आणि त्यातून पीटरशी खोटंखोटं प्रेमप्रकरण सुरू होतं. पण ती पत्रं कशासाठी लिहिलेली होती ते लक्षात घ्या. प्रेम सांगण्यासाठी नव्हे, ते संपवण्यासाठी. या मुलीने प्रेमात पडण्याचा आणि बाहेर येण्याचा अख्खा व्यवहार कागदावर, एकटीने, कुणाला पत्ता न लागू देता पार पाडलेला आहे. तिच्या जाणतेपणाची आडकाठी म्हणजे ही सुरक्षित खोली. पत्रं बाहेर गेल्यावर समोरचा माणूस उत्तर देऊ लागतो, तिथून तिची खरी परीक्षा सुरू होते.

दुसरा धागा बहिणींचा, आणि तो मला पीटरपेक्षा महत्त्वाचा वाटतो. आई नाही. थोरली मार्गो शिकायला स्कॉटलंडला जाते आणि मधल्या लारा जीनवर एकाएकी थोरलेपण येऊन पडतं. जाताना मार्गो आपल्या मित्राशी नातं तोडते, कारण कॉलेजला जाताना मागे प्रियकर ठेवून जाऊ नये, असं आई सांगून गेली होती. मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकात (२०१७) तोच प्रसंग लारा जीनवर येतो: ती एका कॉलेजात, पीटर दुसऱ्यात. आईचा सल्ला तिलाही ठाऊक आहे. ती लांबचं कॉलेज निवडते आणि नातंही ठेवते. गेलेल्या आईचा एकच शब्द, दोन मुली, दोन निर्णय. मृत आईशी आदराने असहमत होता येणं, हे या मालिकेतलं जाणतेपण. ते प्रेमकथेतून मिळालेलं नाही, प्रेमकथेच्या निमित्ताने कसाला लागलं आहे. हा फरक प्रबंधात नीट मांडलात तर बाकीचं आपसूक जुळेल.

यावरून एक चाचणी सुचवते. कादंबरी वाचून झाली की प्रेमपात्राला मनातल्या मनात बाजूला काढा आणि बघा, झालेल्या बदलातलं काय उरतं? जॉन ग्रीनची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' (२०१२) तुमच्या यादीत नाही, पण या चाचणीसाठी तिच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. सगळ्यांना आठवतं ते अॅमस्टरडॅमचा प्रवास आणि प्रियकर ऑगस्टसचं जाणं. कर्करोग झालेल्या नायिकेला, हेझलला, मात्र पहिल्यापासून एक भीती खाते आहे: मी गेले की माझ्या आईचं आईपणच संपेल. उत्तरार्धात आईबाबांशी भांडताना तिला कळतं की आई गुपचूप समाजकार्याचा अभ्यास करते आहे, म्हणजे हेझलच्या पलीकडे तिला स्वतःचं आयुष्य आहे. हेझलला याचं दुःख व्हायला हवं होतं, आणि होतो तो आनंद. आईबाप ही आपल्यावाचूनही जगणारी माणसं आहेत हे कळणं आणि ते सुखाने स्वीकारणं, हा मोठं होण्याचा इतका नेमका क्षण मला या प्रकारात क्वचितच दिसला आहे. आणि त्यात ऑगस्टस कुठेही नाही.

निवेदनाकडेही जरा बघा. कोण सांगतंय यापेक्षा कधी सांगतंय हे विचारा. लारा जीन वर्तमानकाळात बोलते. तिला पुढचं काही माहीत नाही, आणि वाचकाला तिच्याआधी कळतं. कॅथरीन भूतकाळात सांगते, पण फार दुरून नाही. नॅन्सी गार्डनच्या 'अॅनी ऑन माय माइंड'मध्ये (१९८२) लिझा कॉलेजात बसून मागचं वर्ष आठवते, अॅनीला पत्रं लिहिते आणि पाठवत नाही. तिथे जाणतं होणं घडून गेलेल्या घटनांत नाही, तर त्या आठवण्याच्या कष्टात आहे. शेवटी ती फोन उचलते, तोपर्यंत सगळं पुस्तक म्हणजे त्या फोनची तयारी आहे. दोन मुलींच्या प्रेमाला आशादायी शेवट देणं १९८२मध्ये किती जड होतं हे पुढच्या घटनांवरून कळतं: १९९३मध्ये या पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या आणि कॅन्ससमधल्या एका शाळाजिल्ह्याने ते ग्रंथालयांतून काढलं. १९९५मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ते परत ठेवावं लागलं. कादंबरीत या प्रेमाची किंमत मुलींइतकीच दोन शिक्षिका मोजतात, त्यांची नोकरी जाते. मुलांच्या मोठं होण्याचं बिल कुणाच्या नावे फाटतं, हा प्रश्न बाकीच्या पुस्तकांनाही विचारून बघा. 'फॉरेव्हर'मध्ये उत्तर वेगळं येईल, 'एलिनॉर अँड पार्क'मध्ये आणखी वेगळं.

मराठी वाचक म्हणून तुमच्या मनात 'शाळा' आलीच असेल. मिलिंद बोकिलांची ती कादंबरी (२००४) मोठ्यांसाठी लिहिलेली आहे, त्यामुळे या यादीत घुसडू नका. पण मनात बाजूला ठेवून बघा. नववीतल्या मुकुंदचं शिरोडकरवरचं प्रेम जवळजवळ सगळं त्याच्या डोक्यात घडतं. प्रत्यक्ष बोलणं थोडं, 'लाइन'चा हिशेब फार. दोघांनी मिळून निर्णय घ्यावा असं नातंच तयार होत नाही. अमेरिकी किशोरकादंबरी मात्र नातं लवकर प्रत्यक्षात आणते आणि मग ते निभावण्यातून पात्राला घडवते. हा फरक एकदा दिसला की आपण गृहीत धरलेल्या कितीतरी गोष्टी त्या प्रकाराचे संकेत आहेत, वयाचा धर्म नव्हे, हे कळतं.

राहिली 'ट्वायलाइट'. वगळू नका. चारही पुस्तकांत मोठं होण्याचा प्रश्न सगळ्यात उघडपणे तीच विचारते, कारण ती त्याला नकार देते. पहिलं पुस्तक २००५चं. एडवर्ड १९१८ साली सतराव्या वर्षी थांबलेला आहे. दुसऱ्या पुस्तकाची सुरुवात होते ती बेलाच्या अठराव्या वाढदिवशी, आणि स्वप्नात तिला आपण म्हातारी झालेली दिसते. चौथ्या पुस्तकात, 'ब्रेकिंग डॉन'मध्ये (२००८), लग्न, बाळंतपण आणि व्हॅम्पायर होणं हे सगळं तिच्या एकोणिसाव्या वाढदिवसाआधी आटोपतं. प्रौढपणाचे सगळे टप्पे उरकले आणि वय मात्र अठरावर कायम. वयात येणं थांबवून जाणतेपण मिळवता येईल का, हा खरोखर रोचक प्रश्न आहे.

मायरची बाजूही लिहा, नाहीतर प्रबंध एकतर्फी होईल. बेला वडिलांचा स्वयंपाक करते, आईला नव्या नवऱ्याबरोबर मोकळेपणाने फिरता यावं म्हणून स्वतः घर सोडून येते. म्हणजे एलिनॉरसारखीच तीही अकाली मोठी झालेली मुलगी आहे, फक्त तिच्या घरात दहशत नाही. कुणीतरी आपली काळजी घ्यावी ही तिची ओढ या बाजूने वाचली तर हास्यास्पद राहत नाही. शेवटी सगळ्यांचं रक्षण करण्याची शक्तीही तिच्यात येते. पण ट्रकचा तो काढून घेतलेला भाग विसरू नका. आणि 'विषारी नातं' असं लेबल चिकटवून पुढे जाऊ नका. लेबल लावलं की वाचन थांबतं. बेलाला ते सगळं प्रेम वाटतं, तर कादंबरी तिच्या वाटण्याशी सहमत आहे की नाही, हे वाक्यावाक्यांतून शोधून काढा.

मांडणीबद्दल एवढंच: पुस्तकवार प्रकरणं पाडू नका, नाहीतर चार स्वतंत्र परीक्षणं होतील. निर्णय, किंमत आणि निवेदनाचा काळ अशी तीन प्रकरणं करा, आणि प्रत्येकात किमान दोन पुस्तकं एकमेकांसमोर उभी करा. सुरुवातीला 'फॉरेव्हर'चं शेवटचं प्रकरण आणि 'ब्रेकिंग डॉन'चं शेवटचं प्रकरण एका बैठकीत, लागोपाठ वाचा. 'कायमचं' हा शब्द दोन्हीकडे आहे. एका मुलीला तो परत घ्यावा लागतो, दुसरीला तो अक्षरशः मिळतो. प्रबंधाचं पहिलं पान तिथूनच लिहायला घ्या.